बावीस गाण्यांचे लग्न

२६ जुलै २०१९ रोजी चान्स द रॅपरचा 'द बिग डे' प्रसिद्ध झाला आणि आठवडाभरात शिकागोच्या या लाडक्या कलावंताची समाजमाध्यमांवर यथेच्छ टिंगल सुरू झाली. टिंगलीचा विषय अजब होता: या माणसाचे आपल्या बायकोवर फार प्रेम आहे! मार्चमध्ये त्याचे लग्न झाले होते आणि त्या दिवसाच्या आनंदाभोवती त्याने २२ ट्रॅकचा, ७७ मिनिटांचा अल्बम रचला होता. यूट्यूबवरचा बहुचर्चित समीक्षक अँथनी फँटानो याने त्याला दहापैकी शून्य गुण दिले. नियतकालिकांतले समीक्षक बरेच सौम्य होते, पण २०१३ पासून चान्सला डोक्यावर घेऊन नाचणाऱ्या श्रोत्यांनी निकाल लावून टाकला होता. बिलबोर्डच्या यादीत अल्बम दुसऱ्या क्रमांकावर आला, एनएफ नावाच्या रॅपरच्या खाली. जाहीर झालेला दौरा आधी पुढे ढकलला गेला, मग डिसेंबरमध्ये रद्दच झाला.

या अपयशाचे एक सोपे स्पष्टीकरण तेव्हापासून फिरते आहे: पोरगा सुखी झाला आणि संपला. ही समजूत आपल्याकडेही चांगली मुरलेली आहे. कवीला दुःख हवे, गायकाच्या गळ्यात दर्द हवा, विनोदी लेखकसुद्धा आतून रडणारा हवा. सुखवस्तू कलावंताकडे आपण जरा संशयानेच पाहतो. पण चान्सच्या बाबतीत हे स्पष्टीकरण पहिल्याच पायरीवर घसरते, कारण हा माणूस मुळात आनंदाचाच गायक होता. लग्नाने तो आनंदी झाला असे नव्हे. आनंदी असण्यासाठीच तो ओळखला जात होता.

त्याची सुरुवात ज्या शिकागोत झाली ते शहर आठवावे लागेल. २०१२ साली तिथे पाचशेवर खून झाले. शहराच्या दक्षिण भागातून ड्रिल नावाचे थंड, सपाट, बंदुकीच्या भाषेतले रॅप वर येत होते. चीफ कीफ हा किशोरवयीन मुलगा त्याचा नायक होता आणि इंटरस्कोपसारखी बडी कंपनी त्याला करारबद्ध करत होती. त्याच दक्षिण भागातला चॅन्सेलर बेनेट, म्हणजेच चान्स, शाळेतून दहा दिवसांसाठी निलंबित झाला, त्या रिकाम्या दिवसांतून '१० डे' हा मिक्सटेप निघाला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये 'ॲसिड रॅप' आला. चिरका, मधूनच किंचाळणारा आवाज, ट्रम्पेट, ज्यूक आणि गॉस्पेलचे तुकडे, ओळीच्या मध्येच स्वतःला हसणे. ड्रिलच्या शेजारी हे ऐकणे म्हणजे बंद खोलीत कुणीतरी खिडकी उघडल्यासारखे होते. आणि हे सगळे फुकट! इंटरनेटवरून उतरवून घ्या, पैसे नकोत.

पण त्या आनंदाच्या पोटात काय होते? 'ॲसिड रॅप'च्या दुसऱ्या ट्रॅकमध्ये एक उनाड गाणे संपते, मग काही वेळ शांतता असते, आणि ती संपल्यावर दडवलेले दुसरे गाणे सुरू होते, 'पॅरानोइया'. इतर शहरांत लोक उन्हाळ्याची वाट पाहतात. इथला मुलगा उन्हाळा येऊ नये म्हणून विनवतो, कारण शिकागोत ऊन वाढले की रस्त्यावरचे गोळीबार वाढतात. २०११ मध्ये चान्सच्या डोळ्यांदेखत त्याचा मित्र मारला गेला होता. 'कलरिंग बुक'मध्ये (२०१६) देवाचे आभार मानणारे समूहगान आहे, तसे 'समर फ्रेंड्स'ही आहे; तिथेही उन्हाळा आणि गळत जाणारे मित्र. त्याचा आनंद म्हणजे भोवतालचे सगळे ठाऊक असताना घेतलेला पवित्रा होता. तो ऐकताना श्रोत्याला सतत कळत होते की हा मुलगा हसतो आहे ते कशाच्या समोर उभा राहून.

'द बिग डे'मध्ये हसू आहे, समोरचे गायब आहे. दुसऱ्याच्या लग्नाची चित्रफीत पाहायला बसवल्यावर जे होते तेच इथे होते: यजमान प्रत्येक चेहऱ्यापाशी थांबून खुलतात आणि आपण चहाचा कप कुठे ठेवावा याचा विचार करत असतो. त्यांचा आनंद खोटा मुळीच नसतो. त्या दिवशी नेमके काय पणाला लागले होते, हे आपल्याला कुणी सांगितलेले नसते, एवढेच.

गंमत अशी की चान्सला ते सांगता येत होते, आणि त्याने सांगितलेही होते, पण अल्बमबाहेर. लग्नाच्या सुमारास त्याने ट्विटरवर एक आठवण लिहिली. तो नऊ वर्षांचा होता, साल २००३, आईच्या कार्यालयाची पार्टी. तिथे तीन मुलींनी डेस्टिनीज चाइल्डच्या गाण्यावर नाच केला. त्यांतली एक पाहून याला वाटले, हिच्याशीच आपले लग्न होणार. तू पण नाच, असे घरच्यांनी सुचवले, तर हा बिचकला. भावी बायकोसमोर पहिल्याच भेटीत हसे नको! चार-दोन ट्विटांत काळ, जागा, संगीत, लाज आणि हावरटपणा सगळे आले. ७७ मिनिटांच्या अल्बममधले जे बहुतेकांच्या लक्षात राहिले नाही, ते या छोट्याशा गोष्टीत टिकून आहे.

विवाह हा हिप-हॉपला न पेलणारा विषय आहे, हेही खरे नाही. दोनच वर्षे आधी, ३० जून २०१७ रोजी, जे-झीचा '४:४४' आला होता. दहा गाणी, जेमतेम ३६ मिनिटे. सगळे संगीत एकाच माणसाचे, नो आय.डी.चे, तोही शिकागोचाच. सत्तेचाळिशीचा, अमाप श्रीमंत पुरुष त्यात बायकोशी केलेल्या प्रतारणेची कबुली देतो आणि उद्या मुलांना हे कळेल तेव्हा काय सांगायचे, या भीतीपाशी थांबतो. मर्दानी बढाईचा ज्याने धंदा केला, त्याने केलेली ही माफी होती. ती खरी किती आणि त्याच बायकोच्या, बियॉन्सेच्या, 'लेमोनेड'ला दिलेले व्यावसायिक उत्तर किती, यावर वाद घालता येईल, पण ऐकणाऱ्याला पैज कळते. त्यामुळे बायकोवर प्रेम करतो म्हणून चान्सला हसणारे मला क्षुद्र वाटतात. बंदुकीचे, बाटलीचे, बाईच्या देहाचे गाणे चालते आणि संसाराचे चालत नाही, हा त्या टोळक्याचा जुना पुरुषी माज आहे. त्याच्या सैल ओळींना हसणारे मात्र बरोबर होते.

माझ्या मते चान्सला सुख बाधले नाही. त्याला बाधले ते हे, की या अल्बममध्ये कशालाच नकार मिळालेला नाही. पाहुण्यांची यादीच पाहा. डेथ कॅब फॉर क्यूटी, रँडी न्यूमन, निकी मिनाज, मेगन द स्टॅलियन, डाबेबी, जॉन लेजंड, शॉन मेंडीस, गुची मेन, नव्वदच्या दशकातल्या एन व्होग आणि एसडब्ल्यूव्ही. प्रत्येक नाव स्वतंत्रपणे घेतले तर मजेदार आहे, एकत्र घेतले तर निमंत्रणपत्रिका. मध्ये तीन विनोदी संवाद. प्रत्येक कल्पनेला होकार. ज्या मुलाने मोठमोठ्या कंपन्यांना नकार देऊन नाव कमावले, त्याने स्वतःला एकदाही नकार दिला नाही.

तो पहिला नकार किती मोलाचा होता, हेही नीट पाहायला हवे. चान्सने कुठल्याही रेकॉर्ड कंपनीशी करार केला नाही. 'कलरिंग बुक' फक्त स्ट्रीमिंगवर आले. ग्रॅमीचे नियम २०१६ च्या जूनमध्ये बदलले आणि केवळ स्ट्रीमिंगवर असलेल्या ध्वनिमुद्रणांना दार उघडले; फेब्रुवारी २०१७ मध्ये चान्सने तीन ग्रॅमी घेतल्या, त्यांत सर्वोत्तम रॅप अल्बमची आणि सर्वोत्तम नवोदिताची. पुढच्याच महिन्यात त्याने शिकागोच्या सरकारी शाळांना दहा लाख डॉलर दिले. त्याच महिन्यात त्याने हेही जाहीर केले की 'कलरिंग बुक' पहिले दोन आठवडे फक्त ॲपलकडे ठेवण्यासाठी त्याला पाच लाख डॉलर मिळाले होते. म्हणजे त्याचे स्वातंत्र्य निर्धन साधूचे नव्हते, हिशेबी माणसाचे होते. यात मला काही गैर दिसत नाही. पण फुकट देण्याच्या काळातली एक सोय त्याने या प्रवासात गमावली. 'द बिग डे'च्या महिनाभर आधी 'ॲसिड रॅप' पहिल्यांदा अधिकृतपणे स्ट्रीमिंगवर आला, तेव्हा 'ज्यूस' या गाण्याच्या जागी अर्ध्या मिनिटाचा निरोप होता: त्यातल्या जुन्या ध्वनिमुद्रणाच्या वापराची परवानगी मिळाली नाही. डॉनी हॅथवेचा तो तुकडा फुकटच्या मिक्सटेपमध्ये खपून गेला होता, बाजारात आल्यावर त्याला मालक उगवला. तो निरोप ऐकल्यावर मला अनेकदा वाटते की 'ॲसिड रॅप' आज, वकिलांच्या देखरेखीखाली, तयार होऊच शकला नसता.

मग कुणी म्हणेल, कंपनी असती तर तिने कात्री चालवली असती. मुळीच नाही. त्या वर्षांत कंपन्या नेमके उलटे करत होत्या. २०१४ च्या डिसेंबरपासून बिलबोर्ड अल्बमच्या यादीत स्ट्रीमिंग मोजू लागला. गाण्यांची दीड हजार श्रवणे म्हणजे एक अल्बम विकला, असा सुरुवातीचा हिशेब. गाणे किती चांगले यापेक्षा किती गाणी, याला भाव आला. ख्रिस ब्राउनने २०१७ मध्ये ४५ गाण्यांचा अल्बम काढला. मिगोसचा 'कल्चर २' २४ गाण्यांचा, ड्रेकचा 'स्कॉर्पियन' २५ गाण्यांचा, दोन्ही २०१८ चे. कंपनीने चान्सला सांगितले असते: अजून चार गाणी घाल, आणि एखादा लॅटिन गायक बोलाव. लांबीच्या बाबतीत हा स्वतंत्र कलावंत बाजाराचेच ऐकत होता. ऐकायला लावणारा माणूस फक्त मध्ये नव्हता.

लांबी हा स्वतंत्र गुन्हा आहे असेही नाही. स्टीव्ही वंडरचा 'साँग्ज इन द की ऑफ लाइफ' (१९७६) दोन तबकड्या आणि वर चार गाण्यांची छोटी तबकडी असा २१ गाण्यांचा आहे, 'द बिग डे'पेक्षा कितीतरी लांब. त्यात लेक जन्मल्याच्या आनंदाचे जगप्रसिद्ध गाणे आहे, आणि त्याच अल्बममध्ये वस्तीतल्या उपासमारीवर तंतुवाद्यांसारख्या संथ सुरात म्हटलेले 'व्हिलेज घेटो लँड'. अल्बम रखडत गेला, तेव्हा 'जवळपास संपलेच' अशा अर्थाचे टी-शर्ट छापावे लागले होते. मोटाउनसारख्या कारखान्याला त्याने ताटकळत ठेवले. एकट्या माणसाला इतके लांब काम करायचे असेल तर एवढा वेळ द्यावा लागतो.

चान्सने वेळ दिला का? त्याचा जुना व्यवस्थापक पॅट कॉर्कोरन याने २०२० मध्ये थकलेल्या पैशांसाठी त्याच्यावर तीस लाख डॉलरचा दावा लावला. त्या दाव्यातला मजकूर म्हणतो की चान्सने फेब्रुवारी २०१९ मध्ये जुलैची घोषणा केली, तेव्हा गाण्यांचे लेखन आणि ध्वनिमुद्रण सुरूही झाले नव्हते. चान्सने उलट दावा लावून कॉर्कोरनवर स्वार्थाचे आरोप केले. वाजत-गाजत एकत्र वर आलेली दोन माणसे कोर्टात एकमेकांबद्दल जे म्हणतात, ते पुरावा म्हणून घेऊ नये. पण घोषणा फेब्रुवारीत झाली, लग्न मार्चमध्ये, अल्बम जुलैत, हे तर उघड आहे. लग्नाच्या दिवसाचा अर्थ साडेचार महिन्यांत कुणाला लागतो? अनेकांना पंचवीस वर्षांत लागत नाही.

खरी गोष्ट मला दुसरीकडे दिसते. शिकागोच्या मध्यवर्ती भागातल्या हॅरोल्ड वॉशिंग्टन ग्रंथालयात किशोरांसाठी यूमीडिया नावाचे दालन आहे. माइक हॉकिन्स हे तिथले मार्गदर्शक. मुले त्यांना ब्रदर माइक म्हणत. त्यांच्या देखरेखीखाली चालणाऱ्या खुल्या मंचावर चान्स, नोनेम आणि त्यांच्या पिढीतले कितीतरी रॅपर आणि कवी घडले. अशा मंचावर काय होते? तुम्ही दोन मिनिटे म्हणता, समोर तुमच्याच वयाची, तुमच्याइतकीच हुशार आणि अजिबात आदर न बाळगणारी मुले बसलेली असतात. ओळ पडली की पडल्याचे तिथल्या तिथे कळते. ते नकाराचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अचूक यंत्र आहे. हॉकिन्स २०१४ च्या डिसेंबरमध्ये वारले आणि पुढच्या वर्षी चान्सने त्यांच्या नावाने शाळकरी मुलांसाठी खुला मंच सुरू केला. म्हणजे त्याला त्याची किंमत ठाऊक होती. फक्त तीन ग्रॅमी घेतलेला, शाळांना दहा लाख डॉलर देणारा, शहराचा भावी महापौर म्हणून ज्याचे नाव लोक अर्धे गमतीत घेत, असा माणूस त्या मंचावर उभा राहिला तर समोरची मुले टाळ्याच वाजवणार. तो स्वतःच्याच मंचाचा यजमान झाला होता.

त्याची सर्वांत गाजलेली कडवी आठवून पाहा. ती त्याच्या स्वतःच्या कुठल्याच संग्रहात नाहीत. २०१६ च्या फेब्रुवारीत कान्ये वेस्टच्या 'द लाइफ ऑफ पाब्लो'मधल्या 'अल्ट्रालाइट बीम' या पहिल्या गाण्यात ती आहेत. घर दुसऱ्याचे, वेळ मोजका, आसपास गायकवृंद आणि कर्क फ्रँकलिनची प्रार्थना. तेवढ्या जागेत त्याने स्वतःला असा बसवला की ऐकणारा गाण्याच्या मालकाला विसरला. कान्येचा तो अल्बम प्रसिद्ध झाल्यावरही बदलत राहिला, तो गबाळ्या संपादनाचा नमुनाच आहे. पण चान्सला तिथे चौकट मिळाली. 'द बिग डे'मध्ये उलटे झाले. 'हॉट शॉवर'मध्ये डाबेबी येतो आणि यजमानाला त्याच्याच घरात झाकून टाकतो.

मराठी वाचकाला इथे आपली लघुअनियतकालिके आठवल्यावाचून राहणार नाहीत. प्रस्थापित प्रकाशकांना नकार, सायक्लोस्टाइल केलेली पाने, वितरण मित्रांच्या पिशवीतून. त्या गोतावळ्यातले अरुण कोलटकर ब्लूजवेडे होते, स्वतः गाणी रचून ध्वनिमुद्रित करणारे होते. १९७७ च्या 'अरुण कोलटकरच्या कविता'नंतर त्यांच्या पुढच्या मराठी संग्रहासाठी जवळपास पंचवीस वर्षे वाट पाहावी लागली. लिहिणे थांबले नव्हते, छापणे थांबले होते. अशोक शहाण्यांचे प्रास प्रकाशन त्यांच्यासाठी कधीही तयार होते. एवढे स्वातंत्र्य असूनही जे कवी ते वापरायची घाई करत नाहीत, त्यांच्याविषयी मला आदर वाटतो, आणि त्या कविता वेळेवर न मिळाल्याची चिडचिडही. कोलटकरांचा आदर्श प्रत्येकाने गिरवावा असे मी म्हणणार नाही. पंचवीस वर्षे हा रॅपरसाठी दोन जन्मांचा काळ आहे.

एप्रिल २०२४ मध्ये चान्स आणि त्याच्या पत्नीने वेगळे होत असल्याचे जाहीर केले. लगेच जुन्या टिंगलीला नवा बहर आला. पण लग्न मोडल्याने लग्नाचे गाणे मागाहून खोटे ठरत नाही, आणि टिकले असते म्हणून वाईट गाणे चांगले ठरले नसते. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये, सहा वर्षांनी, त्याचा 'स्टार लाइन' आला. मार्कस गार्वीने १९१९ मध्ये काढलेल्या ब्लॅक स्टार लाइन या जहाज कंपनीचा धागा त्यात आहे. त्यावर वेगळे लिहायला हवे.

आता 'द बिग डे'कडे पुन्हा वळलो तर एक वेगळाच अल्बम त्यात गाडलेला सापडतो. पाचव्या क्रमांकावरचे 'वी गो हाय' घ्या. त्यात तो खोटे बोलल्याची, तिचा विश्वास गमावल्याची, तिने दूर सरल्याची कबुली देतो. जे-झीने ज्याच्यावर अख्खा अल्बम उभारला, तेच हे द्रव्य. पण ते आधीच्या 'हॉट शॉवर'च्या बढाईत आणि नंतरच्या एन व्होगच्या नाचात असे चेपले आहे की पाचातल्या चार श्रोत्यांना ते कळतही नसावे. पंधरावे '५ इयर प्लॅन', रँडी न्यूमनच्या कुरकुरत्या आवाजासह, धावत सुटलेल्या माणसाला वय आणि वेळ मोजायला लावते. अठरावे 'सन कम डाउन' आपल्या मागे काय करावे आणि काय करू नये, याच्या सूचना देते. सव्वीस वर्षांचा माणूस मृत्युपत्र करतो आहे. शेवटचे 'झेनीज ॲण्ड फूल्स' त्या दोघांचा सगळा ओढाताणीचा इतिहास एका दमात सांगते आणि तिथे निकी मिनाजसुद्धा पाहुणी वाटत नाही. बाकीची १८ बाजूला ठेवून ही चार एकापाठोपाठ लावली, तर नवरदेवाचा चेहरा पार बदलतो: घाबरलेला, अपराधी, घाईत असलेला आणि तरीही हट्टाने उभा. त्या चार गाण्यांत नाच जवळजवळ नाही. आणि ती चारही गाणी त्याने स्वतःच लिहून, स्वतःच मुद्रित करून, मग गर्दीत बसवली होती.